विमानतळ उजळाईवाडीत, मग डिस्पॅचरची नोकरी गुरुग्रामला का?

दिवाळीत सरनोबतवाडीला आत्याकडं गेलो होतो. आतेभावाला एका विमान कंपनीतून ट्रेनी फ्लाइट डिस्पॅचर म्हणून बोलावणं आलंय, ठिकाण गुरुग्राम. फराळाचं ताट पुढं ठेवता ठेवता आत्यानं विचारलं, "आरं, हितनं पंधरा मिनिटांवर इमानतळ हाय. मग ह्येला दिल्लीकडं कशाला धाडायचं? आणि ती नोकरी टिकंल का नाही, त्ये तरी सांग."

आत्याचे हे दोन्ही प्रश्न मला या धंद्यात आल्यापासून अनेक आईबापांनी विचारलेत. मी स्वतः डिस्पॅचर आहे. एक कंपनी माझ्या डोळ्यांदेखत बंद पडली आणि दोनदा मी शहर बदललं. तेव्हा तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथं लिहितो. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, आणि ते कळायचं तर आधी हे काम काय आहे ते बघावं लागतं.

डिस्पॅचर म्हणजे काउंटरवर बोर्डिंग पास देणारा नव्हे. टॉवरमध्ये बसून विमानाला उतरायची परवानगी देणाराही नव्हे. ते काम एअर ट्रॅफिक कंट्रोलरचं आणि ती माणसं भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. डिस्पॅचर विमान कंपनीचा असतो. विमान उडायच्या आधी त्याचा मार्ग, उंची, इंधन, हवामान, वजन आणि पर्यायी विमानतळ हा सगळा हिशोब तो मांडतो, कॅप्टनच्या हातात देतो आणि विमान उतरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवतो.

जुलैतला एखादा दिवस घ्या. मुंबईहून कोल्हापूरला एटीआर यायचंय. हे विमान तासाला ढोबळमानानं सातशे किलोच्या आसपास इंधन खातं. प्रवासाचं इंधन धरायचं. त्यावर आकस्मिक गरजेसाठी साधारण पाच टक्के. त्यावर कोल्हापूरला उतरता आलं नाही तर दुसरीकडं जायचं इंधन. आणि शेवटी ज्याला हात लावायचा नाही असं, हवेत तीस मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं राखीव. इथवर शाळेतली बेरीज आहे. अवघड प्रश्न पुढं येतो, तो म्हणजे दुसरीकडं जायचं तर कुठं? बेळगाव सगळ्यात जवळ. पण आपल्याकडं ढग खाली आलेले असतात तेव्हा बेळगावलाही बऱ्याचदा तीच गत असते, आणि गोव्याची त्याहून वाईट. मग कोरड्या बाजूचं हैदराबाद धरावं लागतं. लांबचं धरलं की इंधन वाढलं, इंधन वाढलं की वजन वाढलं, आणि ओल्या धावपट्टीवर उतरताना वजनाला मर्यादा असते. शेवटी काही प्रवासी नाहीतर सामान मागं ठेवावं लागतं. 'कोल्हापूरला पाऊस होता म्हणून माझी बॅग मुंबईतच राहिली' अशी तक्रार आपण करतो, तिच्यामागं कधी कधी हा हिशोब असतो. तो कुणीतरी तीन तास आधी केलेला असतो.

हा हिशोब करणारा माणूस उजळाईवाडीत नसतो, मुंबईच्या विमानतळावरही नसतो. तो कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरमध्ये, आमच्या भाषेत ओसीसीत, असतो. तिथं एका मोठ्या खोलीत डिस्पॅचर, हवामान बघणारे, क्रूचं रोस्टर सांभाळणारे, इंजिनिअरिंगची माणसं शेजारी शेजारी बसतात. एक विमान बिघडलं की त्याच्या मागच्या चार फेऱ्या हलतात, आणि तो निर्णय दहा गावांत फोन करून घेता येत नाही. पूर्वी विमानतळा-विमानतळावर डिस्पॅचर असत. संगणक आणि दूरसंचार सुधारले तसं हे काम एका छताखाली आलं. इंडिगोचं ओसीसी गुरुग्रामला, एअर इंडियाचं गुरुग्रामला, स्पाइसजेटचं मुख्यालयही तिथंच. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर आहे, पण तिचाही मुख्य तळ बंगळूरला. आपला विमानतळ 1939 सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. 2024 च्या मार्चमध्ये त्याला नवं टर्मिनल मिळालं, फेऱ्याही वाढल्या. या सगळ्याचा अभिमान मलाही आहे. पण उद्या इथून पन्नास विमानं उडाली तरी डिस्पॅचरची खुर्ची इथं येणार नाही, कारण ती विमानतळाशी जोडलेलीच नाही. आतेभावाला हे पहिल्यांदा सांगितलं. 'आत्ता जातो, मग बदली मागून कोल्हापूरला येतो' असा बेत मनात असेल तर तो आजच काढून टाकलेला बरा.

इथं आत्याचे यजमान म्हणाले की मग त्यानं कंट्रोलरची परीक्षा का देऊ नये? सरकारी नोकरी आहे. प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि दोन्ही नोकऱ्या शेजारी ठेवून बघाव्यात. कंट्रोलरची नोकरी पक्की, पण गाव पक्कं नाही. प्राधिकरण देशभर कुठंही पाठवू शकतं, आणि दर काही वर्षांनी पुन्हा हलवू शकतं. डिस्पॅचरचं उलट आहे. गाव जवळजवळ पक्कं असतं, नोकरी तेवढी पक्की नसते. ज्याला खात्रीचा पगार हवाय आणि बदलीची तयारी आहे त्यानं खुशाल कंट्रोलर व्हावं. मात्र दोन्हींत घर सोडावं लागतंच. फरक एवढाच की एकात ते पुन्हा पुन्हा सोडावं लागतं.

आता टिकण्याचं बोलू. या धंद्याचा इतिहास लपवून काही सांगता येणार नाही. किंगफिशर 2012 च्या ऑक्टोबरात थांबली. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला. गो फर्स्ट 2023 च्या मे महिन्यात. जेटवर कर्जाचा डोंगर होता. गो फर्स्टनं सांगितलेलं कारण इंजिनांचं होतं, निम्मी विमानं इंजिनांअभावी जमिनीवर उभी होती. एकाही ठिकाणी डिस्पॅचरनं काम वाईट केलं म्हणून कंपनी बुडाली नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त बोचते. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला असलेला माणूस चांगलं काम करून निदान शेजारच्या फाउंड्रीत जाऊ शकतो. तिथं शेजार मोठा आहे. आमचा शेजार फार छोटा आहे. देशातल्या दर दहा प्रवाशांतले नऊजण आज इंडिगो आणि एअर इंडिया समूह या दोघांच्याच विमानांतून जातात. म्हणजे नोकरीसाठी मोठी दारं दोनच.

माझी पहिली कंपनी लहान होती. ती बंद पडली तेव्हा तीन महिन्यांचा पगार थकला होता आणि पुढची नोकरी मिळायला सात महिने गेले. त्या काळात एक गोष्ट शिकलो, ती इथं मुद्दाम लिहितो. कंपनीची तब्येत बिघडतेय हे डिस्पॅचरला इतरांच्या आधी दिसतं. वर्तमानपत्रात बातमी यायच्या कितीतरी आधी आमच्या पडद्यावर दिसतं, फक्त त्याकडं त्या नजरेनं बघावं लागतं.

विमानात काही किरकोळ गोष्टी बिघडलेल्या असल्या तरी ठरावीक दिवस उडता येतं, त्याची अधिकृत यादी असते. तिला आम्ही एमईएल म्हणतो. चांगल्या कंपनीत या नोंदी येतात आणि दोन-चार दिवसांत मिटतात. कंपनीकडं सुटे भाग घ्यायला पैसे नसले की त्या मिटतच नाहीत, मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत लोंबकळतात. मग एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावला जातो, आणि पहिलं विमान हँगरच्या कोपऱ्यात उभं राहतं. रोज सकाळी पडद्यावर विमानांची यादी असते, तिच्यातलं एखादं नाव एक दिवस दिसेनासं होतं. विचारलं की कळतं, भाड्यानं देणाऱ्यानं परत नेलं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे इंधन. तेल कंपनी उधारी बंद करून रोखीनं द्यायला लागली की अमुक विमानतळावर इंधन भरू नका, येतानाच जास्त घेऊन या, असे निरोप येतात. तो निरोप आमच्याच हिशोबात बसवायचा असतो. मी ते निरोप महिनाभर बसवत होतो आणि स्वतःला सांगत होतो की तात्पुरतं आहे. तेव्हाच अर्ज करायला सुरुवात करायला हवी होती. आतेभावाला म्हटलं, या तीनपैकी दोन खुणा एकदम दिसल्या की त्या रात्री बायोडेटा काढायचा. पगार चुकायची वाट बघायची नाही.

कारण पगार चुकल्यावर जे होतं ते फारसं कुणी सांगत नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि शेवटी मोडीत काढायची वेळ आली, तर 2016 च्या कायद्यात देण्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी त्या प्रक्रियेचा खर्च. मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांचा चोवीस महिन्यांपर्यंतचा पगार एका पायरीवर. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचा बारा महिन्यांपर्यंतचा पगार त्याच्या खालच्या पायरीवर. विमानं बहुतेक भाड्याची असतात, म्हणजे विकायला फारसं काही उरतच नाही. जेट मोडीत काढायचा आदेश सुप्रीम कोर्टानं दिला 2024 च्या नोव्हेंबरात, विमानं थांबल्यावर साडेपाच वर्षांनी. पीएफचा पैसा मात्र या वाटणीत येत नाही, तो कर्मचाऱ्याचाच. म्हणून दर महिन्याला पीएफ खात्यात जमा झाला का हे पासबुकात बघायची सवय लावावी. पीएफ भरणं थांबलं तर ती चौथी खूण.

आता या लेखातल्या मुख्य मुद्द्याकडं येतो. आपल्याकडं जमिनीचा व्यवहार म्हटला की पहिला प्रश्न असतो, सातबाऱ्यावर नाव कुणाचं? कसतो कोण, बांध कुठवर आहे, हे सगळं नंतर. डिस्पॅचरच्या नोकरीलाही हाच प्रश्न विचारायचा. कंपनी गेली तर तुमच्या नावावर काय उरतं?

अमेरिकेत डिस्पॅचरचं प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावावर असतं. तेवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात, किमान दोनशे तासांचं मान्यताप्राप्त शिक्षण, लेखी परीक्षा, मग तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा. एकदा मिळालं की ते त्या माणसाचं, तो कुठंही नोकरीला असो किंवा नसो. तिथं कायद्यानं डिस्पॅचर आणि कॅप्टन दोघेही उड्डाणाला संयुक्तपणे जबाबदार असतात. पण तिथंही एक गोष्ट माणसाच्या नावावर राहत नाही, ती म्हणजे सीनिऑरिटी. शिफ्ट कुठली, सुट्टी कधी, कपातीत आधी कोण जाणार, हे सगळं कंपनीतल्या सेवाज्येष्ठतेवर. कंपनी बदलली की शेवटच्या नंबरपासून सुरुवात. म्हणून तिथली तरुण मुलं आधी छोट्या प्रादेशिक कंपनीत, कुठल्यातरी आडगावी, दोन-चार वर्षं काढतात आणि मग अटलांटा, डलास, शिकागो अशा ठिकाणच्या मोठ्या कंपनीत शिरतात. एकदा शिरलं की हलत नाहीत.

आपल्याकडं रस्ता कंपनीच्या दारातून जातो. साधारणपणे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असलेला उमेदवार कंपनी ट्रेनी म्हणून घेते, शिकवते, डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परीक्षा आणि मान्यता होते, आणि मगच तो उड्डाणाच्या हिशोबावर स्वतंत्रपणे सही करू शकतो. हे सगळं त्या कंपनीच्या कार्यपद्धतीवर आणि तिच्याकडं असलेल्या विमानांवर होतं. कंपनी बदलली की नव्या ठिकाणी पुन्हा प्रशिक्षण. म्हणजे सातबाऱ्यावर तुमचं नाव अर्धंच असतं. दुसरा अर्धा भाग आपण मिळवायचा, आणि तो मिळतो विमानाच्या प्रकारातून. एअरबस 320 च्या कुटुंबावर काम केलेल्याला इंडिगोही ओळखते आणि एअर इंडियाही. आखाती कंपन्यांकडं जायचं तर मोठ्या पल्ल्याच्या विमानांचा, समुद्रावरच्या मार्गांचा अनुभव कामी येतो. ज्या कंपनीत एकच, इतर कुणाकडं नसलेलं विमान आहे, तिथं पगार थोडा जास्त असला तरी मी नवीन मुलाला दोनदा विचार करायला सांगेन.

इथंच एक इशारा. काही खासगी क्लास लाखांनी फी घेऊन 'आंतरराष्ट्रीय डिस्पॅचर लायसन्स' मिळवून देतो असं सांगतात. अमेरिकन प्रमाणपत्रानं अमेरिकेत नोकरी करायचा हक्क मिळत नाही, त्याला तिथला कामाचा परवाना वेगळा लागतो. आणि त्या प्रमाणपत्राच्या जोरावर भारतात थेट सही करता येत नाही. ज्ञान म्हणून ते शिक्षण चांगलं आहे. पण आईचे दागिने गहाण टाकून ते घेऊ नका.

तर कागद अर्धा कंपनीचा आणि मोठी दारं दोन, हे कळलं की गुरुग्राम वेगळं दिसायला लागतं. आत्याला तो धोका वाटत होता. मला ती खरी सुरक्षितता वाटते. एक दार बंद झालं तर दुसरं त्याच शहरात आहे. भाड्याचं घर तेच राहतं, मुलांची शाळा तीच, बसचा रस्ता फक्त बदलतो. एअर इंडिया एक्सप्रेसचं मूळ घर कोचीला होतं, एअरएशिया इंडियाचं बंगळूरला. 2024 च्या ऑक्टोबरात दोन्ही एक झाल्या आणि मुख्यालय गुरुग्रामला. पुढच्याच महिन्यात विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. अशा वेळी जो आधीच तिथं असतो त्याच्यापुढचा एक प्रश्न कमी होतो.

स्थलांतराची किंमत मात्र मी कमी करून सांगणार नाही. ओसीसी चोवीस तास चालतं. रात्रपाळ्या असतात, आणि त्या वयाच्या पन्नाशीतही असतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं पडतं तेव्हा आमचा सगळ्यात कठीण हंगाम असतो. कमी दृश्यमानतेत उतरायची पात्रता कुठल्या पायलटकडं आहे, कुठल्या विमानात ती यंत्रणा चालू आहे, जयपूर-लखनौला जागा उरली आहे का, हे रात्रभर जुळवत बसायचं. त्या दिवसांत सुट्टी मागणं अवघड. गावी यायचं तर कोल्हापूर-निजामुद्दीन गाडी आठवड्यातून एकदाच, नाहीतर मुंबई, पुणे किंवा मिरजेवरून. बंगळूरची नोकरी असती तर मिरजेला राणी चन्नम्मा पकडून सकाळी कामावर, मुंबईची असती तर महालक्ष्मी. वडील रात्री अचानक आजारी पडले तर गुरुग्रामहून दुसऱ्या दिवशी दुपारशिवाय पोचता येत नाही. मला एकदा ते सोसावं लागलंय. घरात दुसरं कुणी बघणारं आहे का, हा प्रश्न पगाराच्या आकड्याआधी विचारावा. आतेभावाची धाकटी बहीण इथंच आहे, पण उद्या तिचंही लग्न होईल. हे आत्यासमोरच बोललो, कारण नंतर बोलण्यात अर्थ नसतो.

पैशांचं थोडक्यात. पहिली पाच वर्षं गुरुग्रामला घर विकत घेऊ नये आणि मोठ्या हप्त्यात अडकू नये. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत गाडीही नको. माझ्या त्या सात महिन्यांत मला तारलं ते एवढ्यानंच की डोक्यावर हप्ता नव्हता, त्यामुळे दुसऱ्या शहरातली नोकरी लगेच घेता आली. बरोबरीच्या एकाचा फ्लॅट होता. त्याला बोलावणं माझ्या आधी आलं होतं, पण तो हलू शकला नाही.

संगणक हे काम खाऊन टाकेल का, असंही आतेभावानं विचारलं. साधे मार्ग आज सॉफ्टवेअर स्वतःच आखतं, आणि एका माणसाकडं पूर्वीपेक्षा जास्त उड्डाणं असतात हे खरं. पण एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडच्या देशांत जाणारी आपली विमानं लांबच्या वाटेनं वळवावी लागली. कुणाला मध्ये इंधनासाठी उतरवायचं, कुणाचं वजन कमी करायचं, क्रूचे तास पुरतात का, हे ठरवताना त्या खोलीतल्या खुर्च्या भरलेल्या होत्या. नेहमीचं काम कमी होईल, अडचणीचं राहील. म्हणून जो फक्त बटण दाबायला शिकेल त्याची मला काळजी वाटते. हवामानाचा नकाशा वाचायला आणि हिशोब हातानं ताडून बघायला जो शिकेल त्याची वाटत नाही.

सही करायच्या आधी कंपनीला विचारायच्या गोष्टी मी त्याला कागदावर लिहून दिल्या. बाँड, म्हणजे मधेच सोडलं तर पैसे भरायचा करार, किती वर्षांचा आणि किती रुपयांचा? कंपनीनंच काढून टाकलं किंवा कंपनी बंद पडली तरी तो भरावा लागतो का? डीजीसीएची परीक्षा पहिल्या वेळी सुटली नाही तर काय, आणि प्रशिक्षणात पूर्ण पगार की स्टायपेंड? कुठल्या विमानावर शिकवणार? नोटीस पिरियड किती? सहा महिन्यांचा असेल तर दुसरं दार उघडं असूनही आत जाता येत नाही. हे शेवटचं कलम पोरं वाचतच नाहीत.

परवा रात्री त्याचा फोन आला. "दादा, बाँड तीन वर्षांचा आहे, एअरबसवर शिकवणारेत. पण कंपनी बंद पडली तर बाँड माफ, असं कुठंच लिहिलेलं नाही. एचआर म्हणतात तोंडी चालतं." मी म्हटलं, ईमेलवर लिहून माग. त्यानं मागितलंय. उत्तर आल्याशिवाय सही करायची नाही असं आत्यानंच त्याला बजावलंय.